ताईला काय काय येतं

माझी ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे, पण तिची वेणी पहिल्यापासून मीच घालते. जन्मल्यावर ती बराच वेळ रडलीच नाही, असं माय सांगायची. बोलायला उशिरा लागली, चालायला त्याहून उशिरा. शाळेत घातलं तर पहिलीच्या वर्गात बसूनच राहिली. मग मी पहिलीत आले. वर्षभर आम्ही दोघी एका सतरंजीवर शेजारी बसलो. पुढच्या वर्षी मी दुसरीत गेले, तेव्हा ताई मला नव्या वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आली आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांनी तिला शाळेतून काढलं.

दाखल्यावर तेव्हा ‘मतिमंद’ लिहायचे. आता नव्या कार्डावर ‘बौद्धिक अक्षमता’ असतं. आमच्या नांदेडच्या घरात हे दोन्ही शब्द कुणी उच्चारले नाहीत. माय म्हणायची, “तिला उशिरा कळतंय, एवढंच.”

ताईला शिकवायचं मायनं एकदा मनावर घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. सलवारीच्या नाडीची गाठ मारणं ताईला जमलं, पण ती सुटायची नाही, मग रडारड व्हायची. चपलेचा डावा पाय कोणता, हे ती अजूनही आम्हाला दाखवून विचारते. घड्याळ जमलं नाही. पैसे जमले नाहीत. पण वाती जमल्या. सरकीतून कापूस सोडवायचा, बोटांनी पिंजायचा, राखेचा हात लावून मांडीवर वळायचा. ताईची वात हळूहळू होते, पण पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही. गल्लीतल्या बायका श्रावणात, नवरात्रात तिच्याकडून वाती न्यायला लागल्या. कुणी दहा रुपये ठेवायचं, कुणी वाटीभर पोहे.

मायला याचं इतकं कौतुक की तिनं एका पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली आणि दाराच्या चौकटीला ठोकली. ‘येथे वाती व फुलवाती मिळतील.’ खाली ताईचं नाव. कोपऱ्यात पेंटरनं आपल्या मनानं एक निरांजन काढलं. ताईला वाचता येतं ते एवढंच, स्वतःचं नाव. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पाटी पुसायची, नावावर बोट फिरवायची, मग चहा प्यायची.

बाबा कालव्यावर निरीक्षक होते. अर्धापूरकडच्या केळीच्या बागांना कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. संध्याकाळी सायकलला केळीचा फणा अडकवून यायचे आणि पहिलं केळ ताईच्या हातात द्यायचे. “माझ्यामागं माझा पगार तुला,” असं तिला म्हणायचे. ताईनं ते वाक्य पक्कं धरून ठेवलं होतं. पेन्शनला ती पगारच म्हणते. बाबा गेल्यावर तो मायला मिळायला लागला, तेव्हा ताई शेजारपाजारी सांगायची, “आता मायचा नंबर हाय. मग माझा.”

मग माय गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. मी लातूरला असते, शाळेत शिकवते, नवरा डाळमिलमध्ये हिशेब बघतो. आम्ही दोघं धावत नांदेडला आलो. दिवसकार्य झाल्यावर मी बिनपगारी रजा वाढवत काही महिने ताईजवळ राहिले, कारण ती घर सोडायला तयार नव्हती. तेवढ्या दिवसांत पेन्शनचा अर्ज केला. नियम असा आहे की, नोकरी करणारा आणि त्याची बायको दोघंही गेले, तर ज्या लेकराला अपंगत्वामुळं स्वतःचं पोट भरता येत नाही, त्याला ते पेन्शन हयातभर मिळतं. दाखले होते, फोटो होते. मला वाटलं, यात अडायचं काय?

बाबांच्या ऑफिसातून एक जण घरी चौकशीला आला. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आला, मायच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला. ताई त्याच्यासमोर पाट मांडून वाती वळत बसली होती. पाहुणा आला की ती असंच करते, तिला दाखवायचं असतं. तो निघाला तेव्हा तिनं वातींची पुडी त्याच्या हातात दिली.

“दहा रुपये,” ती म्हणाली.

तो हसला, दहाची नोट दिली. “लई छान वाती करता हो ताई तुम्ही,” म्हणाला. दारातून जाताना त्यानं पाटी वाचली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला. ताई पाटीशेजारी उभी राहिली, तिचाही काढला. तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता.

काही महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदार वाती विकण्याचा स्वतःचा व्यवसाय करतात, दारावर तसा फलक आहे, सबब त्या स्वतःचा चरितार्थ चालवण्यास असमर्थ आहेत असं म्हणता येत नाही. अर्ज नामंजूर.

मी ते दोनदा वाचलं. ताई विचारत होती, “काय लिव्हलंय?” मी म्हटलं, “तुझ्या वाती आवडल्या म्हणतेत.” ते खोटंही नव्हतं.

मी तिला लातूरला घेऊन आले. तिनं एकच अट घातली. पाटी सोबत पाहिजे. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता ती एसटीत पाटी मांडीवर धरून बसली, आणि घरी पोचल्यावर नवऱ्यानं हातपाय धुवायच्या आधी ती दाराला ठोकून दिली. तो तसा आहे. मी अपील करायचं म्हटल्यावर तो म्हणाला, “आपण हावोत की. ताई काय जड झालीये का आपल्याला? कशाला कोर्टाच्या पायऱ्या?”

मी म्हटलं, “आपण हावोत, पण आपण कायमचे न्हाई ना. आणि ते बाबांनी तिला दिलेलंय.”

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “मग चांगला वकील बघू.”

सरकारी नोकरांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला बसतं. तिथल्या एक वकीलबाई आम्हाला मिळाल्या. मूळच्या उदगीरकडच्या. बोलणं भराभर, मध्येच एखादा कानडी शब्द, आणि कागद वाचताना चष्मा डोक्यावर. त्यांनी सगळं वाचलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, “ती पाटी अजून दारावर आहे?”

“आहे.”

“काढा.”

मी म्हटलं, “मॅडम, ते माझ्या हातून व्हायचं न्हाई.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विषय सोडून दिला. मग कागदावर पेन्सिलीनं रेघ मारत मला समजावून सांगितलं. एखाद्याला एखादं काम येणं वेगळं, आणि त्या कामावर जगता येणं वेगळं. आपली सगळी केस या फटीत उभी आहे. ती फट त्यांना दाखवायची, म्हणजे ताईला काय येत नाही ते सांगावं लागेल. सगळं. काही हातचं न राखता.

“तुम्ही त्यांना एकदा घेऊन या,” त्या म्हणाल्या. “साहेबांनी डोळ्यांनी बघितलं तर बरं पडेल.”

मी हो म्हटलं.

तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं निघालो. अंबाजोगाईच्या घाटात ताईला मळमळलं, तरी ती खूश होती. नवा ड्रेस, नवी ओढणी. “साहेबाला भेटायचंय,” असं तिनं शेजारच्या सीटवरच्या म्हातारीला सांगितलं. म्हातारीनं विचारलं, “कोणत्या साहेबाला गं माय?” ताई म्हणाली, “पगाराच्या.”

न्यायाधिकरणाची खोली मी समजले होते तेवढी मोठी नव्हती. आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढी असेल. थंडगार. समोर उंचावर साहेब, खाली दोन्ही बाजूंना टेबलं, मागं आमच्यासारख्यांसाठी बाकं. आमचा पुकारा झाला. सरकारकडून जे बोलायला उभे राहिले त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. चौकशीचा अहवाल वाचला, पाटीचा फोटो दाखवला. त्या फोटोत ताई हसत होती.

साहेबांची नजर बाकावर गेली. “या अर्जदार का?” त्यांनी विचारलं. वकीलबाईंनी हो म्हटलं. साहेब सौम्य माणूस वाटले. ते म्हणाले, “मग मराठीत बोला. त्यांचंच प्रकरण आहे, त्यांना कळू द्या.”

त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं होतं. मला मात्र बाकाची कड घट्ट धरावी लागली.

वकीलबाई बोलायला लागल्या. आवाज मोठा, स्वच्छ. अर्जदाराला घड्याळ कळत नाही. आज वार कोणता, सांगता येत नाही. पैशांचा हिशेब येत नाही. एकटीनं रस्ता ओलांडता येत नाही. गॅस पेटवता येत नाही. चप्पल कोणत्या पायात घालायची, ते विचारावं लागतं. कपड्याची गाठ सोडता येत नाही. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत दुसऱ्या बाईला त्यांचं सगळं बघावं लागतं. आईनं वेळ जावा म्हणून वाती वळायला शिकवल्या, शेजारणी दया म्हणून घेऊन जातात.

अडचणीचे दिवस म्हटल्यावर ताईनं ओढणी डोक्यावरून ओढून घेतली. शेजारणी दया म्हणून नेतात हे ऐकल्यावर ती तोंडावर घेतली. मी तिचा हात धरला तर तिनं तो हळूच सोडवून घेतला.

साहेबांनी फार वेळ घेतला नाही. पहिला दाखला जुना आहे, चौकशी करणारा डॉक्टर नाही, तेव्हा अर्जदार सध्या राहतात त्या लातूरच्या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय मंडळानं त्यांना पुन्हा तपासावं आणि अहवाल द्यावा, असं त्यांनी सांगितलं. वकीलबाईंचा चेहरा खुलला. बाहेर व्हरांड्यात येऊन त्या म्हणाल्या, “अर्धी लढाई जिंकली, मॅडम.”

ताई खिडकीशी उभी होती. ओढणी तशीच.

“छोटे,” तिनं मला हाक मारली. मी चाळिशी ओलांडली, तरी ती मला छोटीच म्हणते. “मला काहीच येत न्हाई का?”

वकीलबाई पुढं झाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. “ताई, मी तुमची वकील आहे. तिथं जे बोलले ना, ते तुमच्यासाठी भांडत होते.”

“भांडणात खोटं बोलायचं न्हाई,” ताई म्हणाली. “माय म्हणते.”

“खोटं नाही बोलले हो.”

ताईनं विचार केला. मग म्हणाली, “मला नोट कळते. तिच्यावर गांधी हाय.”

“कोणत्या नोटेवर?” वकीलबाईंनी हळूच विचारलं.

“सगळ्याच,” ताई म्हणाली, आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण तिनं ओढणी आणखी पुढं ओढली. समोरच्या हॉटेलात वकीलबाईंनी आमच्यासाठी भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला मागवली. मिरचीचा ठसका, वर शेंगदाणे, ताईची आवडती. तिनं हात लावला नाही. वकीलबाईंनी निरोप घेताना वाकून तिच्या पायाला हात लावला. वयानं ताई मोठी, तेवढंच त्याचं कारण असेल.

लातूरला आल्यावर ताईनं कापूस हातात धरला नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, प्रवासाचा शीण. मग नवरात्र तोंडावर आलं, आमच्या कॉलनीतल्या बायका यायला लागल्या. “ताई, अखंड दिव्याची वात पाहिजे,” म्हणायच्या. ताई आतूनच सांगायची, “मला येत न्हाई.” एका सकाळी तिनं खुर्चीवर चढून पाटी खिळ्यावरून काढली आणि पलंगाखाली, भिंतीकडं तोंड करून ठेवली. खुर्चीवर चढणं तिला जमतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पडली कशी नाही, देव जाणे.

मी समजावायचे. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि मग तेच. चप्पल घालताना आता ती विचारायचीही नाही, माझ्यासमोर पाय पुढं करून उभी राहायची. केस विंचरायला बसली की कंगवा स्वतः हातात द्यायची, तेही बंद झालं. बसल्या जागी बसून राहायची. मायनं इतकी वर्षं एक एक टाका घालून जे शिवलं, ते एका दुपारच्या बोलण्यानं उसवत चाललेलं मी बघत होते, आणि ते बोलणं आम्हीच करवून घेतलेलं होतं.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, “आता डॉक्टरकडं जायचंय म्हटल्यावर, केसच्या हिशेबानं हे बरंच हाय म्हणा.” बोलून झाल्यावर तो स्वतःच थांबला. ताटातला घास तसाच राहिला. “असं बोलायला नाही पाहिजे होतं,” म्हणाला, आणि उठून हात धुवून आला.

पण तो बोलला ते माझ्याही मनात येऊन गेलंच होतं. शाळेतल्या एका बाईंनी तर मला सरळ सल्ला दिला होता की, तपासणीच्या दिवशी तिला गप्प बसायला शिकवून ठेवा. शिकवायची गरजच राहिली नव्हती.

दवाखान्यात त्या दिवशी व्हरांडा भरलेला होता. कुणी कुबडीवर, कुणी आईच्या कडेवर, एक तरुण पोरगी काळा चष्मा लावून भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभी. रेणापूरकडचे एक शेतकरी नवरा-बायको मोठ्या मुलाला घेऊन आले होते. तो सारखा उठून पळायचा, आणि ती दोघं आळीपाळीनं त्याच्यामागं जायची. त्या बाईनं मला विचारलं, “तुमची कोण?” मी म्हटलं, “मोठी बहीण.” ती म्हणाली, “बरं हाय. बहीण तरी हाय तिला.”

आमचा नंबर आला. टेबलामागं तीन डॉक्टर होते, पण बोलत होत्या मधल्या बाई. केस पांढरे, आवाज शांत. ताईला त्यांनी खुर्चीवर बसवलं.

“काय नाव तुमचं?”

ताईनं खाली बघितलं. “येत न्हाई.”

“बरं. राहता कुठं?”

“येत न्हाई.”

“ही माझी साडी कोणत्या रंगाची आहे?”

“येत न्हाई.”

डॉक्टरबाई लिहीत होत्या. आईचं नाव, जेवण काय केलं, किती बोटं दाखवली, सगळ्याला एकच उत्तर. मी भिंतीशी उभी होते. मला फक्त उभं राहायचं होतं. आणखी थोडा वेळ गप्प राहिले असते तर सगळं आमच्या बाजूनं लिहून झालं असतं.

पण तिनं स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. जगात तिला वाचता येणारा एकच शब्द, आणि तो तिनं टाकून दिला होता.

“मॅडम, जरा थांबा,” मी म्हटलं. “तिला येतं.”

तिन्ही डॉक्टरांनी वर बघितलं. मी ताईच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसले. “ताई, नाव सांग की तुझं.”

ती माझ्या कानाशी वाकली. “वकीलबाई रागावतेल.”

“न्हाई रागावत.”

“साहेब?”

“साहेबबी न्हाई. तुला जे येतं ते सगळं सांग. जे न्हाई येत ते न्हाई म्हण. बास.”

“मग पगार?”

“मिळाला तर मिळाला. नाव सांग.”

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग डॉक्टरबाईंकडं वळून नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग बाबांचं, मग आडनाव, आणि न विचारता मायचं. साडी निळी आहे, म्हणाली. ती आकाशी होती, पण काठ निळे होते. जेवण वरणभात. बोटं चार म्हणाली, होती तीन. नांदेडची गल्ली सांगितली. बाबा केळं आणायचे, ते सांगितलं. मग तिची नजर टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेकडं गेली. त्यात इंजेक्शनच्या कामाचा कापूस होता.

“घेऊ?” तिनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी ट्रे पुढं सरकवला. ताईनं बोळा घेतला, पिंजला, ड्रेसच्या मांडीवर ठेवला आणि वळायला लागली. राख नव्हती म्हणून तळहाताला थोडी थुंकी लावली. बाहेरून त्या रेणापूरच्या मुलाचा आवाज येत होता. वात झाल्यावर ताईनं ती दोन्ही टोकांना धरून डोळ्यांसमोर सरळ केली, बघितली आणि टेबलावर ठेवली.

“केवढ्याला?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“दहा रुपये.”

त्यांनी पर्समधून पाचशेची नोट काढली. “हे घ्या. आता मला किती परत द्याल?”

ताईनं नोट हातात घेतली, उलटसुलट केली. कपाळाला आठ्या पडल्या. मग तिनं नोट परत केली आणि वात उचलून त्यांच्या हातावर ठेवली. “न्या तुम्ही,” ती म्हणाली. “उद्या द्या.”

शेजारचे डॉक्टर हसले, आणि ताईही हसली. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. डॉक्टरबाईंनी आणखी पुष्कळ विचारलं. कापूस कोण आणतं, पुड्या कोण बांधतं, आग लागली तर काय करशील, घरात कुणीच नसलं तर कुठं जाशील. ताईनं सगळ्याची खरी उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, “छोटी येस्तोवर दारात बसते.” “आणि आलीच नाही तर?” त्यावर ताईला काही सुचलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

आम्ही निघालो तेव्हा डॉक्टरबाई मला म्हणाल्या, “बरं केलंत थांबवलंत ते. आधीचं लिहिलेलं मला पटतच नव्हतं. इतकं काहीच न येणारं माणूस इतक्या स्वच्छ बसत नाही.” ताईची वात त्यांच्या पेनाशेजारी पडून होती.

घरी परतताना गंजगोलाईच्या बाजारात ताई रिक्षातून उतरली आणि कापसाच्या दुकानासमोर उभी राहिली. मी काही न विचारता कापूस घेतला. संध्याकाळी नवरा मिलमधून आला तर ती पाट मांडून बसलेली. त्यानं मला नजरेनं विचारलं, मी मान हलवली. त्यानं पलंगाखाली हात घालून पाटी काढली आणि शर्टाच्या बाहीनं पुसून दाराला लावली. ताईनं त्याला सांगितलं की, जरा वाकडी झालीये. ती वाकडी नव्हती. त्यानं तरी काढून पुन्हा लावली.

मंडळाचा अहवाल न्यायाधिकरणाकडं गेला. त्यात लिहिलं होतं की, अर्जदाराला मायेनं शिकवलेलं साधं, एकसारखं काम कुणाच्या तरी देखरेखीखाली करता येतं, मात्र या किंवा अन्य कोणत्याही कामावर त्या स्वतंत्रपणे जगू शकणार नाहीत, आणि हे आयुष्यभराचं आहे. ‘मायेनं’ हा शब्द सरकारी कागदात मी त्याआधी वाचला नव्हता. शेवटच्या तारखेला मी ताईला नेलं नाही. वकीलबाईंनीही सांगितलं नाही. त्या दिवशी त्या कमी बोलल्या. ताईला वाती येतात, उत्तम येतात, असं म्हणूनच त्यांनी सुरुवात केली, आणि मग अहवालातलं वाचलं. निकाल आमच्या बाजूनं लागला. नामंजुरी रद्द, माय गेली त्या दिवसापासून पेन्शन द्यावं.

मी बसस्टँडवरून घरी फोन केला. नवऱ्यानं फोन ताईच्या कानाला लावला.

“ताई, बाबांचा पगार तुला मिळाला.”

स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

“ताई?”

“छोटे,” ती म्हणाली, “पगार झाल्यावर येगळं राहावं लागतंय का?”

आमच्या नात्यातली पोरं नोकरी लागली की बायकोला घेऊन पुण्याला, हैदराबादला जातात, वेगळं घर करतात. ते तिनं बघितलेलं होतं. नवरात्रापासून, कदाचित त्याआधीपासूनही, ती हा विचार करून राहिली होती, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात तो आला नव्हता.

“न्हाई गं,” मी म्हटलं. “कोण म्हणलं? आपल्याच घरी राहायचं.”

“हाव?”

“हाव.”

“मग लवकर ये. माझी येणी सुटली.”

पेन्शन चालू राहायचं तर दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. दिवाळी झाली की आमच्या बँकेत म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. काठ्या, कानटोप्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. ताई त्या रांगेत सगळ्यात तरुण. पहिल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांनी तिला विचारलं, “तुम्ही कोणत्या खात्यात होता, बाई?” ताई म्हणाली, “बाबाच्या.” मास्तरांनी आपल्यापुढं तिला जागा करून दिली. आता तिच्या ओळखी झाल्या आहेत. मास्तर यंदा आले नव्हते, तर तिनं खिडकीतल्या मॅडमला दोनदा विचारलं की, ते कुठं गेले. मॅडमला माहीत नव्हतं.

मग मॅडमनं तिचा अंगठा मशीनवर ठेवायला लावला. तो पहिल्यांदा उमटत नाही, कधीच उमटत नाही, कापसानं आणि राखेनं बोटं गुळगुळीत झालेली असतात. मॅडमनं पुसून पुन्हा ठेवायला सांगितलं आणि सवयीनं विचारलं, “अर्जदार स्वतः हजर आहेत ना?”

“हाय ना,” ताई म्हणाली. “मी हाय.”

मशीनवर हिरवा दिवा लागला. आम्ही बाहेर आलो. तिला उसाचा रस प्यायचा होता, थंडी असली तरी. आम्ही प्यालो.